रिव्हर्स गिअरमधली बाई

गाड्यांमध्ये डेक बसवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण एक गाणं कधी पुरतं ऐकलं नाही. लोकांना वाटतं, सलीमभाईची मजा आहे, दिवसभर गाणी. आमचं ऐकणं असं असतं : गाणं लावायचं, डावा स्पीकर बोलतो का बघायचं, उजवा बोलतो का बघायचं, आवाज वाढवून फाटतो का बघायचं आणि बंद करायचं. मुखडा आम्ही ऐकतो, अंतरा गिऱ्हाईक घरी जाताना ऐकतं.

धाराशिवला तुळजापूर रस्त्यावर माझं दुकान आहे. सुरुवात केली तेव्हा कॅसेटचे टेप होते. मग सीडी आल्या, मग पेन ड्राइव्ह, आणि आता घरच्या टीव्हीला लाजवतील अशा स्क्रीन. पुढचं रूप बदलत गेलं, मागचं फारसं बदललं नाही. डेक खोबणीतून बाहेर ओढला की मागं वायरींचा झुबका असतो आणि त्याच्या टोकाला प्लास्टिकची चौकोनी डबी. तिला आम्ही कपलर म्हणतो. एक कपलर गाडीकडून आलेला, दुसरा डेककडून. दोन्ही एकमेकांत टक् करून बसले की सोयरीक जमली. अडचण एवढीच की प्रत्येक कंपनीच्या कपलरचा घाट वेगळा. घाईतले कारागीर तो कापून टाकतात, वायरीला वायर पिळतात आणि वर काळी टेप गुंडाळतात. मी कापत नाही. मधला जोड मिळेपर्यंत गिऱ्हाइकाला थांबवतो. काहीजण वैतागून दुसरीकडं जातात. जाऊ द्यावं.

त्या झुबक्यातल्या तीन वायरी ओळखल्या की निम्मं काम आलं. पिवळीत कायम करंट असतो, गाडी बंद असली तरी. लालमध्ये चावी फिरवल्यावर येतो. काळी ही अर्थिंगची, गाडीच्या पत्र्याला जोडलेली. ही काळी सैल झाली की डेक येड्यासारखा वागतो. गावोगाव प्रवासी भरणाऱ्या एका वडापवाल्याची जीप अशीच आली होती. तिचा डेक वाटेत कुठंही बंद पडायचा आणि स्मशानाजवळच्या पुलावर आला की आपोआप वाजायला लागायचा. त्यानं आधी लिंबू बांधलं, मग नारळ फोडला, मग माझ्याकडं आला. पुलाच्या तोंडाशी एक सांधा उचलला होता. तिथं जीप आदळायची आणि सैल झालेली काळी वायर पत्र्याला टेकायची. बोल्ट आवळला, संपलं. भूत बहुतेक वेळा काळ्या वायरीत असतं, असं मी त्यानंतर गिऱ्हाइकांना हसत सांगायचो.

आता सांगत नाही. त्याचं कारण जळकोटचे अप्पा.

अप्पांचं जळकोटात, हायवेला लागून, बी-बियाणांचं दुकान होतं. बायको वारल्यावर दुकान पुतण्याकडं देऊन ते धाराशिवला मुलाकडं राहायला आले. मुलगा राजशेखर इथं नोकरीला आहे, आम्ही त्याला राजूशेठ म्हणतो. अप्पांना गाडी चालवायची हौस, पण मान मागं वळत नव्हती. म्हणून राजूशेठनं त्यांच्या छोट्या गाडीला माझ्याकडून स्क्रीन आणि मागचा कॅमेरा बसवून घेतला होता. गाडी रिव्हर्सला टाकली की स्क्रीनवर मागचा रस्ता दिसतो, ती सोय. राजूशेठ घाईत होता. डिकीपासून डॅशबोर्डपर्यंत वायर ओढायची तर आतलं सगळं अस्तर उघडावं लागतं, म्हणून त्यानं बिनवायरीचा कॅमेरा मागितला. त्यात कॅमेऱ्याला फक्त रिव्हर्स लाइटचा करंट द्यायचा. चित्र हवेतून पुढं येतं आणि स्क्रीनमागची डबी ते पकडते.

उन्हाळ्याच्या दिवसांत राजूशेठ दुकानी आला. म्हणाला, "उस्ताद, अप्पांच्या गाडीची बॅटरी सारखी उतरतीय. नवी टाकली, तीपण उतरली."

मी म्हणालो, "गाडी घेऊन या, वायरिंग बघू."

तो तिथंच घुटमळला. मग स्टुलावर बसला. "वायरिंगचं न्हाय ते. अप्पा दुपारी गाडी घेऊन जातात आणि तिकडं नव्या कॉलनीत एका गल्लीत लावून बसतात. चावी चालू, गिअर रिव्हर्सला. गाडी जाग्यावर. नुसतं त्या स्क्रीनकडं बघत बसतात. म्या पाठीमागनं जाऊन बघितलं परवा."

"काय दिसतं स्क्रीनवर?"

"उन्हात मला काय दिसलं न्हाय. मला बघितल्याबरोबर त्यांनी गिअर काढला." त्यानं आवाज खाली आणला. "तुम्ही ती स्क्रीनच काढून टाका, उस्ताद. काहीतरी खराबी झाली म्हणून सांगा. तुमचं ऐकतील ते."

दुसऱ्या दिवशी अप्पा आले. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. माणूस मोजकं बोलणारा. मी म्हणालो, "अप्पा, स्क्रीनमध्ये काहीतरी गडबड आहे म्हणं. बघू का?"

"बघा की," ते म्हणाले. "पर हितं दिसायचं न्हाय. बसा गाडीत."

नवी कॉलनी म्हणजे गावाच्या कडेची प्लॉटिंग. निम्मी घरं झालेली, निम्म्यांचे नुसते खांब उभे. भर दुपार होती. कुलरची घरघर सोडली तर माणसाची चाहूल नव्हती, कुत्रीसुद्धा नाल्यात जाऊन पडली होती. अप्पांनी एका लिंबाच्या सावलीत गाडी लावली, इंजिन बंद केलं, चावी अर्धी फिरवली आणि गिअर मागं टाकला. काचेवर ऊन पडू नये म्हणून खांद्यावरचा टॉवेल डॅशबोर्डवर आडवा धरला.

स्क्रीन आधी निळी झाली. मग मुंग्या आल्या. मग त्या मुंग्यांतून हळूहळू एक चित्र उभं राहिलं.

आमच्या मागं गल्ली होती, ऊन होतं, वाळूचा ढीग होता. स्क्रीनवर त्यातलं काहीच नव्हतं. एक अंधारी खोली होती, करडी, रंग नसलेली. खिडकी दिसत नव्हती. भिंतीला टेकून जमिनीवर एक बाई बसली होती. एक गुडघा उभा, त्यावर हात, डोक्यावरून पदर पुढं ओढलेला. तोंड दिसत नव्हतं. ती हलत नव्हती. मी आधी फोटो असावा असं समजलो. मग तिची बोटं गुडघ्यावर जराशी उघडली आणि मिटली.

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, हे मी लपवत नाही.

"दिसली?" अप्पांनी विचारलं.

"कोण आहे ती, अप्पा?"

"राजूची आई," ते म्हणाले. अगदी साध्या आवाजात, शेजारी उभ्या माणसाची ओळख करून द्यावी तसं. "तुमाला ठावं असंल, आमच्यात माणसाला जाळत न्हाईत. मातीत बसवत्यात. म्या सोताच्या हातानं बसवली तिला जळकोटच्या रानात. अशीच, भिताडाला टेकवून. गुडगा दुखायचा तिचा, म्हनून ती असाच एक पाय उभा करून बसायची. ती बसलेलीच हाय अजून."

त्या चित्रात छत दिसत नव्हतं, दार दिसत नव्हतं. एकदा तिनं मान थोडी वर केली आणि पदराच्या सावलीत दोन डोळे पांढरे चमकले, रात्री गाडीच्या उजेडात जनावराचे चमकतात तसे. मग परत खाली.

"उस्ताद," अप्पा म्हणाले, "तुमी वायरीतले मानूस. तिकडचं हिकडं दिसतंय. हिकडचं तिकडं ऐकू जाईल, अशी काय वायर असती का? लई न्हाय. दोन शब्द बोलायचेत."

इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांनी माझ्याकडं काय काय मागितलं. एका काकांनी चारही स्पीकर मागच्या सीटकडं लावून घेतले, कारण पुढं काकू बसायच्या आणि त्यांना बोलायचं असायचं. पण असं मागणं कुणी मागितलं नव्हतं. मी मान हलवली आणि दार उघडून बाहेर आलो. उन्हात उभं राहिल्यावर डोकं ठिकाणावर आलं, आणि मग मला उमगलं.

हवेतून येणारं चित्र कुणाचं, हे ती पकडणारी डबी विचारत नाही. आपल्या कॅमेऱ्याचं मिळालं तर ते दाखवते, नाही मिळालं तर आसपास त्याच जातीचा दुसरा कॅमेरा असेल त्याचं दाखवते. घरात लावायचे स्वस्त बिनवायरीचे कॅमेरे मिळतात, ते बरेचसे त्याच जातीचे असतात. अंधारात दिसावं म्हणून त्यांना बारीक दिवे असतात. त्या उजेडात सगळं करडं दिसतं आणि माणसाचे डोळे पांढरे. म्हणजे जवळच्याच कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी बंद खोलीत, ही बाई आत्ता बसलेली होती.

मी अप्पांना ते समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. कळलं नाही असं नाही, पण ते माझ्या बोलण्यापेक्षा स्क्रीनकडं जास्त बघत होते. मग मी म्हणालो, "थांबा, दाखवतोच तुम्हाला." डिकी उघडली, मागच्या लाइटचं झाकण काढलं. आमच्या कॅमेऱ्याचा छोटा कपलर तिथं होता. चिखल-पाणी जाऊन त्याच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. कॅमेऱ्याला कधीपासून करंटच जात नव्हता. मी तो कपलर उपसून काढला, कॅमेराही काढला आणि पुढं येऊन अप्पांच्या मांडीवर ठेवला.

"हा आपला कॅमेरा. आता बघा. आपला कॅमेरा काढला तरी ती दिसतेच आहे. म्हणजे चित्र आपलं नाही."

अप्पांनी कॅमेरा हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि माझ्याकडं बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तेच तर म्हनतोय म्या," ते म्हणाले. "डोळा काढून ठेवला तरी ती दिसतीय."

मी कपाळाला हात लावला. आयुष्यभर गिऱ्हाइकांना वायर दाखवून पटवत आलो, आणि इथं माझाच पुरावा माझ्या अंगावर आला. मी परत गाडीत बसलो. आता काय बोलावं, त्याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात स्क्रीनवर ती बाई उठायला लागली.

भिंतीला धरून, एक एक हात वर सरकवत ती उभी राहिली. कोपऱ्यातली काठी घेतली आणि सरळ आमच्याकडं यायला लागली. आमच्याकडं म्हणजे कॅमेऱ्याकडं, पण गाडीत बसून ते तसं वाटत नव्हतं. पदर मागं पडला. केस मोकळे, कपाळावर गोंदण, डोळे पांढरेफेक. तोंड उघडं, ती ओरडत होती आणि गाडीत आवाजाचा टिपूस नव्हता. चेहरा मोठा होत होत सगळी स्क्रीन भरली. तिनं काठी उगारली. मी सीटमध्ये मागं दबलो.

चित्र गरकन फिरलं. भिंत, छत, अंधार. मग फरशी. फरशीवर आडवा पडलेला एक हात, कोपरापासून पुढचा. त्यात बांगड्या.

आम्ही बघत राहिलो. हात हलला नाही.

"पडली," अप्पा म्हणाले.

"हो."

"डोस्कं आपटलं का?"

"दिसलं नाही."

ते स्क्रीनच्या अगदी जवळ वाकले. त्यांचा श्वास काचेवर उमटत होता. मी त्यांच्याकडं बघत होतो, म्हणून पुढचं मला दिसलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. कुणी हातातलं धरलेलं सोडून द्यावं, तसं.

"मेलेलं मानूस पडत न्हाय, उस्ताद," ते म्हणाले. "चला. घर कुठलं ते हुडका."

मी म्हणालो, "चित्र स्वच्छ होईल तिकडं घर. गाडी हलवा, पण गिअर काढू नका. पुढचा गिअर टाकला की स्क्रीन जाईल."

त्यांनी इंजिन चालू केलं आणि त्या रिकाम्या कॉलनीतून आम्ही उलटे निघालो. मान न वळणारा म्हातारा, मागचं दाखवणाऱ्या स्क्रीनवर फरशीवरचा हात, आणि मी दारातून अर्धा बाहेर लोंबकळत मागं बघतोय. "डावीकडं घ्या. वाळू आहे. आता सरळ." अप्पा स्क्रीनवरची नजर न काढता सांगत होते, "मुंग्या आल्या... गेल्या... आता लई आल्या." पहिल्या वळणावर चित्र फाटलं. आम्ही परत फिरलो. म्हणजे तेही उलटंच, एका प्लॉटमध्ये गाडीचं शेपूट घालून. दुसऱ्या बोळात शिरल्यावर चित्र असं स्वच्छ झालं, की तिच्या मनगटावरचं गोंदणसुद्धा वाचता आलं असतं.

समोर फिकट पिवळं घर होतं. दाराला बाहेरून कुलूप. कुलर बंद. मी कडी वाजवली, हाका मारल्या. कान लावला. आत काही नाही.

समोरच्या घरातून एक बाई डोळे चोळत बाहेर आली. "कोण पाहिजे? सुनंदा मॅडम शाळेत गेल्यात."

"आत कोणी आहे का?"

"त्यांच्या आई असतात. म्हातारीला भान न्हाय, भटकत निघून जातात, म्हणून कुलूप लावतात. तुमी कोण?"

"आई पडल्यात आत," मी म्हणालो. "मॅडमना फोन लावा."

त्या बाईनं मी कसं ओळखलं ते विचारलं नाही, कारण अप्पांनी तोवर दाराला खांदा दिला होता. मी त्यांना बाजूला केलं. कुलूप दणकट होतं, पण कोयंडा साध्या स्क्रूंनी बसवलेला. डॅशबोर्ड उघडायचा स्क्रू ड्रायव्हर खिशात होताच. कोयंडा कुलपासकट हातात आला.

आतल्या खोलीत अंधार आणि कोंदट उष्मा होता. खिडकीला पुठ्ठा लावलेला. बाई कुशीवर पडली होती आणि तिच्या पुढ्यात फरशीवर तो कॅमेरा. त्याचे बारीक लाल ठिपके जळत होते, अजून तिच्याकडंच तोंड करून. गाडीचा गिअर मागंच होता. म्हणजे या क्षणी बाहेर, रिकाम्या गाडीत, स्क्रीनवर आम्ही दिसत असणार, असा विचार माझ्या मनात आला आणि मी उगाचच वळून दाराकडं बघितलं.

अप्पा तिच्याजवळ बसले. तिनं डोळे उघडले. त्यांचं मनगट पकडलं.

"कवा आलाव?" ती म्हणाली.

अप्पा तिच्याकडं वाकले.

"लांडगा आलाय. त्यो बघा, लाल डोळ्याचा. रोज बसतो तिथं. आज हाणला त्येला." मग कण्हून म्हणाली, "मेंढरं कुठं हायेत?"

अप्पांनी जन्मात मेंढरू हाकललं नव्हतं. तराजू आणि बियाणांच्या पिशव्या एवढंच त्यांना माहीत. त्यांनी तिच्या तोंडावरचे केस बाजूला सारले आणि म्हणाले, "हायेत. सावलीला बसलीत समदी."

"मोजली का?"

"मोजली."

तिनं डोळे मिटले, पण मनगट सोडलं नाही. मी कॅमेऱ्याची पिन भिंतीतून उपसली.

रुग्णवाहिका आली, मागोमाग शाळेतून सुनंदा मॅडम आल्या. साडीला खडू लागलेला, श्वास लागलेला. आईला सरकारी दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. बाहेर बाकावर मॅडम आमच्या शेजारी बसल्या आणि कुणी न विचारता सांगायला लागल्या. आई सोनारी गावाकडची, सगळा जन्म नवऱ्याबरोबर मेंढरांमागं उघड्या रानात गेलेला. वडील गेले आणि मग आईचं भान गेलं. दोनदा हायवेवर सापडली. कॅमेरा मॅडमनीच आणला होता. त्याचं चित्र पुढच्या खोलीतल्या टीव्हीवर दिसायचं, म्हणजे स्वयंपाक करताना आईकडं लक्ष ठेवता यायचं. शाळेत जाताना तो तसाच चालू राहायचा.

"दिवसा कोण बघणार होतं?" त्या म्हणाल्या. "नुसताच चालू होता तो. घरात कुणी नाही, बघणारं कुणी नाही."

अप्पा म्हणाले, "म्या बघत हुतो."

मॅडमना त्याचा अर्थ लागला नाही. मी मग सगळं सांगितलं, फक्त जळकोटच्या रानातलं सांगितलं नाही. ते माझं नव्हतं.

राजूशेठ खूश झाला. बॅटरी उतरायची थांबली. पण मला ते दिवस जड गेले. खरं काय ते कळलं, एका बाईचा जीव वाचला, सगळं चांगलंच झालं. तरी अप्पा त्या गल्लीत बायको घेऊन आले होते आणि निघताना एकटे निघाले, हे मला विसरता येत नव्हतं. बिनवायरीचे कॅमेरे मी बसवायचे सोडले. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, अस्तर उघडतो आणि वायर ओढतो.

पावसाळा संपता संपता राजूशेठ परत आला. स्टुलावर बसला. "उस्ताद, आता नवीनच. अप्पा रोज त्या म्हातारीकडं जातात. ऑपरेशन झालंय, ती खाटंवर असती. ती त्यांना नवरा समजती. बापू म्हणती. आणि हे बापू म्हणून ओ देतात. काल मी घरी अप्पा म्हणून हाक मारली तर त्यांनी मान वर केली न्हाय."

मला त्याचं भय कळलं. त्याची आई गेली होतीच. आता बापही हळूहळू कुणा दुसऱ्याच मेलेल्या माणसाच्या अंगात शिरत चालला होता. मी म्हणालो, "एकदा पाठवा माझ्याकडं. कॅमेरा नवा बसवायचा आहेच."

अप्पा आले दोन-चार दिवसांनी. मी मागची सीट उचलली, दाराखालची पट्टी काढली आणि डिकीतून वायर पुढं ओढत आणली. ते शेजारी खुर्चीवर बसून बघत होते. स्क्रीनमागचा कपलर बाहेर काढल्यावर मी न राहवून विचारलं, "अप्पा, आजी कशा आहेत?"

"बऱ्या हायेत. काल मातर वंगाळ झालं."

"काय झालं?"

"काल म्या गेलो तर खाटंवर उशाला टेकून बसली हुती. लेकीनं वेनी घातली हुती. म्या नेहमीसारखा खुर्चीवर बसलो. ती माझ्याकडं बघत राह्यली. लई येळ. डोळं अगदी निवळ, तुमचं-माझं असत्यात तसं. म्या वाट बघतोय, आता मेंढरांचं इचारंल. तर म्हनली, तुमी कोन?"

मी पिन हातात धरून थांबलो.

"भान आलं हुतं तिला. मॅडम म्हनत्यात, येतं कधीमधी, घटकाभर. पर आता माझी आली का पंचाईत? बापू हाय म्हनावं तर ती शानी झालेली. अप्पा म्हनावं तर तिला अप्पा ठावं न्हाय. माझ्या मंडळीचं सांगावं तर ते कसं सांगायचं, त्या बाईला? मला काय सुचंना. मग जे झालं तेच सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"म्हनलं, बाई, म्या गाडी मागं घेत हुतो. तवा तुमी दिसलाव."

त्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं. रस्त्यावरून एसटी गेली, तिचा धुरळा दुकानात आला आणि बसला.

"मग? काय म्हणाल्या त्या?"

"हसली," अप्पा म्हणाले. "दात न्हाईत तिला. म्हनली, म्या दिसले, तर आता बसा की घटकाभर."